तार एकच, वेढे सारखे, तरी दोन कॉइलचे ओहम वेगळे का?

चाकावरची_माती (कोथरूड)
मातीकामासाठी छोटी इलेक्ट्रिक भट्टी. आतून 23 सेंमी लांब-रुंद-उंच, 115 मिमी जाडीच्या इन्सुलेशन विटा, 230 व्होल्ट सिंगल फेज. 1200 अंश गाठायचे आहेत. 1.6 मिमीच्या कान्थल ए-1 (लोखंड-क्रोमियम-ॲल्युमिनियमची हीटरची तार) तारेच्या दोन कॉइल 8 मिमीच्या सळईवर वळल्या, प्रत्येकी मोजून 525 वेढे. एकेक कॉइल खाचेतून भिंतींभोवती दोन फेरे घेते, म्हणजे 184 सेंमी. दोन्ही सिरीजमध्ये.

हिशेबाने शेपट्या (विटेतून बाहेर येणारी तारेची टोकं) सोडून प्रत्येकी 11.5 ओहम यायला हवेत. ताणून झाल्यावर मल्टिमीटरवर एक 11.8, दुसरी 12.6. एकदाच 650 अंशांपर्यंत तापवली. 12.6 वाली वर आहे, ती डाव्या भिंतीवर भडक लाल दिसते आणि बाकी तीन बाजूंना मंद. पुढच्या जोडीला हमखास सारखं माप येण्यासाठी नेमकं काय सांभाळायचं?

ओहमकाका
आधी मल्टिमीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून बघा. 0.2-0.3 दाखवेल. तो वायरींचा स्वतःचा रेझिस्टन्स, दोन्ही आकड्यांतून वजा करा. फरक मात्र 0.8 चा तसाच राहतो, म्हणजे तो खरा आहे.

कारण तुमच्या प्रश्नातच आहे: तुम्ही वेढे मोजलेत. रेझिस्टन्स तारेच्या लांबीचा असतो. ए-1 ची रेझिस्टिव्हिटी 1.45 (1 चौरस मिमी जाड, 1 मीटर लांब तारेचे ओहम), म्हणजे 1.6 मिमी तारेला मीटरमागे 0.72 ओहम. 11.5 ओहमला 15.95 मीटर तार लागते. सळईवर तार ढिली बसली की प्रत्येक वेढा मोठा होतो आणि 525 वेढ्यांत मीटरभर तार जास्त खपते. व्हर्नियर लावा, दोन्ही कॉइलच्या बाहेरच्या व्यासात अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक निघेल.

म्हणून पुढच्या वेळी आधी तार मोजून कापायची. दोन्ही तुकडे एकाच रिळातले हवेत, कारण जाडीत 1 टक्का फरक पडला तरी ओहममध्ये 2 टक्के पडतो. प्रत्येक तुकडा 15.95 मीटर अधिक दोन्ही टोकांना 60-60 सेंमी, म्हणजे 17.15 मीटर. टोकापासून 30 सेंमीवर तार वाकवून शेपटी दुहेरी पिळून घ्यायची. दुहेरी तारेत उष्णता निम्मी निर्माण होते, त्यामुळे विटेतून बाहेर येणारा भाग आणि स्क्रू थंड राहतो. या दोन शेपट्यांचे मिळून साधारण 0.2 ओहम वाढतात, ते बघून दचकू नका.

वळताना ड्रिल सर्वांत हळू वेगावर. तार हातात धरायची नाही. दोन लाकडी पट्ट्या शिकंज्यात आवळून त्यांच्या फटीतून तार ओढू द्या, म्हणजे ताण पहिल्या वेढ्यापासून शेवटच्यापर्यंत एकच राहतो. वेढे एकमेकांना चिकटून बसले पाहिजेत. शेवटी ड्रिल एकदम सोडलं तर कॉइल उलट फिरून टोक हातावर बसतं. हातमोजे घाला.

आणि घट्ट कॉइलवर ओहम मोजू नका. नव्या तारेचे वेढे एकमेकांना टेकलेले असतात, आकडा कमी आणि दर वेळी निराळा येतो. ताणल्यावरच मोजायचं.

भट्टीवाला_भोसरी
काकांनी ओहमचं सांगितलं, डाव्या भिंतीचं राहिलं. तिथे वेढे दाटले आहेत. दाट वेढे एकमेकांना तापवतात आणि तेवढाच तुकडा लवकर जळतो. सगळ्या कॉइलचे ओहम बरोबर असूनही हे होतं, मीटरला ते दिसत नाही.

तुमची घट्ट कॉइल 84 सेंमीच्या आसपास असणार, ती 184 ला न्यायची म्हणजे सव्वादोन पटीच्या जरा आत. दोन ते तीन पट हे माप योग्य आहे. ताणण्याआधी दर 65-66 वेढ्यांवर सुती दोरा बांधा, आठ भाग होतील. एक टोक शिकंज्यात धरून एका दमात, सावकाश ओढा. सोडल्यावर ती थोडी आखडते, म्हणून जरा पुढेच न्यावी लागते. मग दोऱ्यांमधली अंतरं मोजा: प्रत्येक 23 सेंमी, म्हणजे बरोबर तुमची एक भिंत. कुठे 20 आलं तर तेवढाच भाग दोन्ही हातांनी धरून ओढा. खाचेत बसवताना दोरा कोपऱ्यावर आला पाहिजे. दोरे नंतर कापून टाका.

आत्ताच्या जोडीचं: सिरीजमध्ये करंट एकच असतो, त्यामुळे जास्त ओहमची कॉइल जास्त तापते, तुमच्याकडे 7 टक्के. ती खाली टाका. भट्टीचा तळ तसाही मागे राहतो, चूक कामाला येईल. (पॅरलल असती तर उलटं, कमी ओहमवाली जास्त तापली असती.) 650 लाच थांबलात हे बरं. 1000 च्या वर गेलेली कान्थल थंडपणी वाकवली की काडीसारखी तुटते.

पेठेतला_वायरमन
एवढा उपद्व्याप कशाला? तापकीर गल्लीत नायक्रोम (निकेल-क्रोमियमची हीटरची तार) मिळते. नरम असते, परत काढता-घालता येते.

ओहमकाका
नरम असते हे खरं. पण नायक्रोम 80 ची कमाल 1200 अंश आणि ती तारेच्या पृष्ठभागाची. भट्टी 1200 वर असते तेव्हा तार त्याहून बरीच गरम असते. ए-1 ला 1400 चालतात. बिस्किट फायरिंगपुरतं (ग्लेझआधीची कमी तापमानाची पहिली भाजणी) ठीक, स्टोनवेअरला (1200 च्या आसपास भाजायची भांडी) नाही.

दुकानात मात्र दोन्हींना सरसकट 'नायक्रोम' म्हणतात, तेव्हा खिशात लोहचुंबक ठेवा. कान्थल चिकटते, नायक्रोम 80 चिकटत नाही. नंतर एक मीटर तुकडा मोजून बघा: 1.6 मिमीला कान्थल 0.72, नायक्रोम 80 साधारण 0.54. एवढे कमी ओहम मल्टिमीटरवर नीट कळत नाहीत. बेंच सप्लायने (करंट ठरवून देता येणारा डीसी पुरवठा) 1 अँपिअर सोडा आणि तारेवरच, क्लिपांच्या आतल्या बाजूला, व्होल्ट मोजा. जितके व्होल्ट तितके ओहम.

चाकावरची_माती
व्हर्नियर लावला. एकीचा बाहेरचा व्यास 11.3, दुसरीचा 11.9, काही ठिकाणी 12.1. कारण कळलं! कॉइल अदलाबदल करून दाट भाग कसा सोडवू? आणि पहिलं फायरिंग?

भट्टीवाला_भोसरी
मेन स्विच बंद, प्लग बाहेर काढलेला. गॅस टॉर्चने दाट तुकडा लाल करा आणि दोन पकडींनी सरकवा. थंडपणी प्रयत्न नको.

सध्या पावसाळा, विटांनी पाणी पिलेलं असणार. दार किलकिलं ठेवून 110 अंशांवर तीन-चार तास. मग रिकामी भट्टी, झरोका उघडा, 1050 पर्यंत नेऊन सात-आठ तास धरा. तारेवर राखाडी ॲल्युमिनाचा थर चढतो, तोच तिचं कवच. ग्लेझचा (भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाचा) थेंब त्यावर पडला तर ते कवच खातो.

संध्याकाळी 1000 च्या पुढे रखडली तर कॉइलला दोष देण्याआधी व्होल्टेज बघा. 230 ऐवजी 215 असेल तर पॉवर साडेबारा टक्के कमी, कारण ती वर्गात घटते. रात्री उशिरा लावून फरक पाहा.

पेठेतला_वायरमन
बरं, नायक्रोम मागे घेतो. पण उघडी कॉइल 230 वर आहे: दाराला लिमिट स्विच लावून, दार उघडताच कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारा मोठा स्विच) फेज-न्यूट्रल दोन्ही तोडेल असं करा. बॉडीला अर्थिंग, 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच). शेपटीचे स्क्रू पहिल्या फायरिंगनंतर भट्टी पूर्ण थंड झाली की पुन्हा आवळा, ते ढिले होतातच.