मदत हवी आहे: जुगारासाठी पुण्यात कुठे भरती करून घेतात?

चिडलेली_चिमणी: बाबांचा जुगार सुटत नाहीये. दारू नाही, तंबाखू नाही. ॲडमिट करून घेणारं ठिकाण सांगा, लवकर. सोमवारी रजा टाकलीये. उपदेश नकोत.

पर्वतीकर: वय? काय खेळतात? किती गेले? धाग्यात काहीच नाही.

चिडलेली_चिमणी: ६६. मोबाइलवर पैसे लावून रमी. साडेचार लाख गेले. काल त्यांच्या चष्म्याच्या डबीत आईच्या पाटल्या गहाण टाकल्याची पावती सापडली. कुठल्या सेंटरला नेऊ तेवढं सांगा.

गच्चीवरचा: येरवड्याचं मुक्तांगण. १९८६ पासून आहे. जुगारासाठी घेतात का ते फोनवर विचारा. रात्रीबेरात्री बोलायचं असेल तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६.

निवांत_नाना: इगतपुरीला विपश्यना. दहा दिवस मोबाइल जमा. मला स्वतःला फरक पडलाय.

पर्वतीकर: नाना, तुम्हाला जुगार होता?

निवांत_नाना: नाही, ॲसिडिटी.

सायकलवाली: ताई, आमच्या दिराचं कर्ज आम्ही तीनदा फेडलं आणि तीनदा त्याला नव्याने खेळायला मोकळं केलं. चौथ्यांदा फेडलं नाही. एटीएम कार्ड, यूपीआय जाऊबाईंच्या ताब्यात, आणि दर आठवड्याला समुपदेशक. 'गेलेले पुढच्या डावात काढतो' हे डोक्यात आलं की काय करायचं, त्याचीच घोटून तयारी करून घेतली. सीबीटी म्हणतात त्याला, विचार आणि सवयी बदलायची थेरपी.

गच्चीवरचा: ६६ वर्षांच्या माणसाचं कार्ड काढून घ्यायचं? अपमान आहे हो हा.

सायकलवाली: पाटल्या गेल्या त्या कुणाच्या?

कायदेपंडित: रमी हा कौशल्याचा खेळ, असं सुप्रीम कोर्टाने १९६८ मध्येच म्हटलंय.

पर्वतीकर: २०२५ चा केंद्राचा कायदा वाचा. ऑनलाइन पैसे लावून खेळ असेल तर कौशल्य असो वा नशीब, बंदीच. ताई, मग खेळतात कुठे?

चिडलेली_चिमणी: बाहेरच्या देशातली कसलीशी साइट आहे. कायद्याचं नंतर भांडा ना प्लीज.

उशिरा_आलो: आधीपासून नाद होता का? औषधं कोणती चालू आहेत?

चिडलेली_चिमणी: जन्मात पत्त्यांना हात लावला नव्हता, दिवाळीतसुद्धा. दीड वर्षात सुरू झालं. गोळ्या बीपीच्या आणि पार्किन्सनच्या. त्याचा इथे काय संबंध?

उशिरा_आलो: पार्किन्सनच्या गोळीचं नाव?

चिडलेली_चिमणी: प्रामिपेक्सोल. दीड वर्षापूर्वी डोस वाढवला होता.

उशिरा_आलो: अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं! मेंदूतल्या डोपामिन या रसायनासारखं काम करणारी गोळी आहे ती. काही जणांना तिच्यामुळे जुगार, खरेदी, खाणं आवरेनासं होतं. हा तिचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. डोस कमी केला किंवा औषध बदललं की बऱ्याच जणांचं थांबतं. भरतीआधी न्यूरॉलॉजिस्ट गाठा. पण घरच्या घरी गोळी बंद करू नका, एकदम तोडली तर वेगळाच त्रास होतो. पैशांवर लक्ष मात्र आजपासूनच ठेवा, ते सायकलवाली बरोबर सांगतायत.

चिडलेली_चिमणी: खरेदी... डिसेंबरपासून तीन मिक्सर मागवलेत त्यांनी. आम्ही हसत होतो. आईने तर परवा 'तोंड काळं करा' म्हटलं त्यांना. सोमवारी न्यूरोकडेच नेते.

निवांत_नाना: विपश्यनेचा फॉर्म व्यक्तिगत निरोपात पाठवलाय.

कायदेपंडित: मिक्सर कुठल्या कंपनीचे? एक विकायचा असल्यास कळवा.