प्रतिसाद: कामगार दिन आणि रविवारची सुट्टी

वर कुणीतरी लिहिलंय की कामगार दिन ही रशियातून आलेली कल्पना, आपल्या मातीशी तिचा संबंध नाही. हे मला अजिबात पटत नाही. १ मेची सुरुवात अमेरिकेतली. १८८६ साली शिकागोसह अनेक शहरांत आठ तासांच्या दिवसासाठी संप झाले आणि १८८९ साली पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेने ती तारीख जगभर पाळायचं ठरवलं.

आणि त्याच वर्षांत आपल्या मुंबईत काय चाललं होतं? १८८१च्या फॅक्टरी कायद्यात प्रौढ गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टीच नव्हती. जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू' वृत्तपत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली सभा भरवून साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. मागण्या बघा: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, कामावर जखमी झालेल्याला भरपाई. २४ एप्रिल १८९०च्या मोठ्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. (त्या काळात भर सभेत!) अखेर १० जून १८९०ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

त्यामुळे १ मेला झेंडावंदन जरूर करा, महाराष्ट्र दिन आपलाच आहे. पण आपल्या घरी धुणंभांडी करणाऱ्या मावशींना पगार न कापता आठवड्याची एक सुट्टी मिळते का? लोखंड्यांची पहिली मागणी आठवड्याच्या सुट्टीचीच होती. आमच्या सोसायटीत अजून निम्म्या घरांत ती मिळत नाही.