स्वस्त आयात स्कूटर: दोष इंजिनाचा की विकणाऱ्याचा?

मूळ धागा: सरळमार्गी

स्कूटर घ्यायची म्हटलं की कोणीतरी हमखास सुचवतं, "नामांकित कंपनीची कशाला? चीनमधून आयात केलेली नवीकोरी त्याहून कितीतरी स्वस्त पडते." माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका. माझ्याकडे अशी ५० सीसीची होती. वर्षाच्या आतच सायलेन्सरचा एक नट गळून पडला, पेट्रोलच्या नळीला चिरा गेल्या, मग बॅटरी चार्ज होणं बंद झालं. सगळ्यांत मनस्ताप झाला तो सुरू न होण्याचा. विकणाऱ्याने कार्ब्युरेटर बदलायला लावला, नंतर प्लग, नंतर सीडीआय (प्लगची ठिणगी सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा). पैसे गेले, गाडी जागची हलली नाही. किंमत बघून निर्णय घेणाऱ्यांनी हा खर्चही धरावा, म्हणून हा धागा.

वंगण

असहमत. या गाड्या माझ्या हाताखालून नेहमी जातात, म्हणून सविस्तर लिहितो.

नावं शंभर असली तरी यातल्या बहुतेकांच्या पोटात एकाच घराण्याचं इंजिन असतं, जीवाय-६. मूळ रचना होंडाची, पसरली ती तैवानच्या किम्को कंपनीमुळे. ५० सीसीवाल्यावर १३९क्यूएमबी असं कोरलेलं असतं, १५० सीसीवाल्यावर १५७क्यूएमजे. पहिला १ म्हणजे एक सिलिंडर, पुढचे ३९ किंवा ५७ म्हणजे बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मिलिमीटरमध्ये. साधं, हवेने थंड होणारं इंजिन आहे आणि वेळेवर ऑइल मिळालं तर चांगलं टिकतं. बिघडतं ते त्याच्या भोवतालचं: रबरी नळ्या, व्हॅक्यूमवर उघडणारा पेट्रोल कॉक, थंड गाडी सुरू करायला लागणारा ऑटो चोक, बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा रेग्युलेटर, मऊ लोखंडाचे बोल्ट.

तुमची गाडी सुरू न होण्याबद्दल. कार्ब्युरेटर बदलण्याआधी कोणी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातला गॅप, तपासले होते का? नव्या इंजिनात व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये बसत जातात, तसतसा टॅपेटमधला गॅप कमी होतो. तो संपला की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) पडतं, गाडी सुरू व्हायला त्रास देते आणि आयडलिंगला बंद पडते. ५० सीसीला गॅप लागतो साधारण ०.०५ ते ०.१० मिमी. एक फीलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि थंड इंजिन, एवढंच काम. ते सोडून लोक भाग बदलत बसतात, कारण भाग विकण्यात कमाई आहे.

दुसरं म्हणजे गाडी खोक्यात अर्धवट जोडलेली येते. पुढचं चाक, हँडल, आरसे, बॅटरी विकणाऱ्याने बसवायची, प्रत्येक नट आवळून बघायचा, बॅटरी पूर्ण चार्ज करायची. हे नीट केलं तर निम्म्या तक्रारी येणारच नाहीत.

सरळमार्गी

टॅपेट कोणीही तपासले नव्हते. पण वंगणदादा, तुम्ही माझीच बाजू मांडताय. गिऱ्हाईक गाडी विकत घेतं, जोडणीचं काम नाही. गेज घेऊन बसायची अट असेल तर ती विकताना सांगायला हवी. आणि घराणं एक म्हणून प्रत्येक कारखान्याची धातू आणि फिनिशिंग एक होत नाही. २०१० मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने चीनमध्ये बनलेल्या दुचाकी आणि करमणुकीच्या वाहनांची प्रमाणपत्रं रद्द करायची प्रक्रिया सुरू केली होती. प्रश्न २ लाखांपर्यंत वाहनांचा होता. कारण काय, तर धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर प्रमाणपत्राच्या अर्जात लिहिला तसा नव्हता. कागदावरचा माल आणि खोक्यातला माल वेगळा असेल तर इंजिनाचं घराणं पाहून विश्वास कसा ठेवायचा?

पायपीट

मला या चर्चेत एक गोष्ट खटकते. सगळे असं बोलताय जणू महागडी गाडी हा पर्याय प्रत्येकाकडे आहे. माझी कामाची पाळी रात्री उशिरा सुटते, तेव्हा बस नसते. माझ्यापुढे प्रश्न चांगली की वाईट असा नव्हता, गाडी की पायी असा होता. स्वस्तातली घेतली, पहिलं ऑइल लवकर बदललं, तळाची जाळी काढून धुतली (या इंजिनांना कागदी फिल्टर नसतो, फक्त ती जाळी), मागच्या गिअरपेटीचं वेगळं ऑइलही बदललं. कुरबुरी आहेत, पण कामावर वेळेत पोचते.

सरळमार्गी

ताई, तुमची गरज खरी आहे. पण तेवढ्याच पैशात नामांकित कंपनीची वापरलेली का नाही?

वंगण

वापरलेलीत आधीच्या मालकाने काय केलं ते कळत नाही. मागच्या चाकाला गती देणारा घासलेला बेल्ट आणि त्याच्या पुलीतले झिजलेले रोलर पहिल्याच महिन्यात पदरात पडू शकतात. तरी सुट्या भागांच्या बाबतीत वापरलेली सरस, हे मान्य.

आरपीएम

सुट्या भागांचा मुद्दा निघालाच आहे म्हणून. इंजिनाचे भाग कोडवर मिळतात. त्यातही १३९क्यूएमबी छोट्या आणि लांब केसमध्ये (इंजिनाच्या बाहेरच्या कवचात) येतं, म्हणून जुन्या बेल्टवर छापलेला आकडा वाचूनच नवा मागवा: ६६९-१८-३० की ७२९-१७.५-३०. नुसतं "५० सीसीचा द्या" म्हटलंत तर चुकीचा येईल. खरी पंचाईत प्लास्टिकची. एकच गाडी वेगवेगळे आयातदार वेगवेगळ्या नावांनी विकतात, आणि आयातदाराने धंदा गुंडाळला की त्या मॉडेलचं फेंडर किंवा हेडलाइटची काच कुठे शोधायची?

माझा आक्षेप मात्र आणखी गंभीर आहे. इथे सगळे बंद पडण्याबद्दल लिहिताहेत. गाडी बंद पडली तर ढकलत नेता येते. पुढच्या अ‍ॅक्सलचा नट ढिला असेल, ब्रेकच्या नळीत हवा असेल किंवा कडक रबराचा टायर ओल्या रस्त्यावर घसरला, तर तिथे दुसरी संधी नाही. मी अशी गाडी घेणाऱ्याला आधी ब्रेक आणि टायर बघायला सांगतो, इंजिन नंतर.

पायपीट

टायरचं पटलं. पहिल्या पावसात मागचं चाक सरकलं तेव्हा मी दोन्ही टायर बदलले. तो खर्च गाडीच्या किमतीत धरायला हवा, हे कोणी आधी सांगितलं नव्हतं.

वंगण

आरपीएम यांच्याशी पूर्ण सहमत. खोक्यातून काढलेली गाडी मी अ‍ॅक्सल आणि ब्रेक तपासल्याशिवाय फाटकाबाहेर जाऊ देत नाही. पण हे करणारे विकणारेही आहेत, आणि त्यांच्या गाड्या चालतात. म्हणून सरसकट "घेऊ नका" मला मान्य नाही. विकणाऱ्याला विचारा: जोडणी कोण करतं, टॅपेट कधी बघणार, तपासणीचा सही केलेला कागद देणार का? उत्तर देताना चाचरला तर तिथून निघा.

सरळमार्गी

त्यात एक प्रश्न वाढवा: वॉरंटीत मजुरी धरली आहे का? मला फक्त सुटा भाग मिळाला, तोही जुना भाग आधी पाठवून दिल्यावर, आणि तोवर गाडी उभीच. लेखी उत्तर देणारा विक्रेता भेटला तर पायपीट ताईंसारख्यांनी जरूर घ्यावी. माझ्या घरात मात्र पुन्हा येणार नाही.