करिअर सेंटरला जाताना जाहिरात सोबत न्या
काही जण म्हणतात की कॉलेजच्या करिअर सेंटरवाले, म्हणजे नोकरी-इंटर्नशिपसाठी मदत करणारा विभाग, रेझ्युमे वरवर बघून परत देतात. होतं तसं, कारण बहुतेक जण ‘जरा बघता का’ एवढंच म्हणतात. ज्या जागेसाठी अर्ज करायचाय तिची जाहिरात छापून न्या, मागितलेली कौशल्यं अधोरेखित करा आणि प्रत्येकाचा पुरावा रेझ्युमेत कुठे दिसतो ते समुपदेशकाला विचारा. मग ‘प्रोजेक्टमध्ये सहभाग’ असली ओळ तिथेच सुधारून मिळते: काय केलं, कशाने केलं, निष्पन्न काय झालं. दोन रकान्यांची मांडणी टाळा. अर्ज वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची सरमिसळ होऊ शकते.

करिअर सेंटरच्या नोकरीच्या पोर्टलवर शाखा, पदवीचं वर्ष किंवा गुण भरायचे राहिले तर पात्रतेच्या चाळणीत नाव येतच नाही, आणि हे कुणी कळवतही नाही. आधी ते तपासा.

इंटर्नशिपसाठी सत्र सुरू होताच समुपदेशकाची वेळ घ्या. मोठ्या कंपन्यांची भरती कित्येक महिने आधी चालू होते. माजी विद्यार्थ्यांची यादी मात्र जरूर मागा, सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट हीच. त्यांच्याकडे थेट नोकरी मागू नका. त्यांच्या कामाबद्दल बोलायला १५ मिनिटं मागा, प्रश्न आधीच लिहून पाठवा. आठवड्याभरात उत्तर आलं नाही तर एकदाच आठवण करा.