लेबर पक्षाला सत्ता मिळाली, पण कशासाठी?

कुंपणावरचा
ब्रिटनमध्ये जुलै २०२४ ला लेबर पक्षाने ४११ जागा जिंकल्या, त्याही जेमतेम ३४ टक्के मतांवर. एवढं बहुमत हाताशी असून स्टार्मर सरकारला नेमकं काय करायचंय, हे मला तरी उमगलेलं नाही. आल्या आल्या बहुतेक पेन्शनरांचा हिवाळी इंधनभत्ता बंद केला, वर्षभरात बऱ्याच जणांना परत दिला. अपंगांच्या भत्त्याचे निकष कडक करायला गेले. स्वतःच्याच शंभरावर खासदारांनी डोळे वटारल्यावर माघार. दोनच मुलांपुरती मदत देणाऱ्या नियमाविरुद्ध मत दिलं म्हणून सात खासदार निलंबित केले, आणि नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात तोच नियम रद्द! मग त्या सात जणांचं चुकलं काय होतं?

आडकित्ता
भाडेकरूला कारण न देता घराबाहेर काढायची सोय बंद करणारा कायदा झाला. कामगार हक्कांचा झाला. रेल्वे कंपन्या एकेक करून सरकारी होताहेत. ही दिशा नाही तर काय? तिजोरीत खडखडाट असताना स्वप्नं विकायची का?

कुंपणावरचा
खडखडाट १९४५ सालीही होता. तेव्हाचे लेबर पंतप्रधान ॲटली यांनी तरी १९४८ मध्ये एनएचएस, म्हणजे मोफत सरकारी आरोग्यसेवा, उभी केलीच ना?

आडकित्ता
ॲटलींना मधे आणू नका हो. त्यांच्यामागे ४८ टक्के मतं होती आणि अमेरिकेचं कर्जही. शिवाय १९५१ मध्ये चष्मे-कवळ्यांना पैसे लावले म्हणून एनएचएसच्या जनकाने, बेव्हननीच, राजीनामा दिला होता. तेव्हाही हिशेब आडवा आलाच की.

वाचनमात्र
(एरवी लिहीत नाही.) गाठ निवडणुकीआधीच बसली होती. आयकर, नॅशनल इन्शुरन्स (पगारावर मालक आणि कामगार दोघांनी भरायची सरकारी वर्गणी), व्हॅट यांना हात लावणार नाही, असं जाहीरनाम्यात लिहून दिलं. मग पैसा आणायचा कुठून? शेवटी मालकांचा नॅशनल इन्शुरन्स १३.८ वरून १५ टक्क्यांवर नेला आणि वर म्हणे शब्द मोडलेला नाही, तो फक्त कामगारांच्या हिश्शापुरता होता! काय काय करणार नाही हे सांगून निवडून आलेल्यांना काय करणार हे नंतर सुचत नाही.

आडकित्ता
ते लिहून दिलं नसतं तर ४११ आल्या असत्या?

कुंपणावरचा
नसत्या आल्या कदाचित. ३४० आल्या असत्या. तरी सरकार बनलंच असतं. वरच्या सत्तरएक जणांचा उपयोग काय केला, बंड करवून घेण्याखेरीज?