मदत हवी आहे: फ्लूनंतर फुफ्फुसात अ‍ॅस्परजिलस, दीर आयसीयूत

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा दीर (वय ४६, मुक्काम आइंडहोवन) इन्फ्लुएन्झा ए मुळे आयसीयूत आहे, व्हेंटिलेटरवर. मधुमेह नाही, दमा नाही. भरती झाल्यावर दोनतीन दिवसांत ब्राँकोस्कोपी करून फुफ्फुस धुतलेलं पाणी तपासलं, त्यात गॅलॅक्टोमॅनन (बुरशीच्या पेशीभिंतीतला घटक) बरंच वर आलं. म्हणजे अ‍ॅस्परजिलस बुरशी. आता व्होरिकोनाझोल आणि लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन बी ही बुरशीवरची दोन्ही औषधं चालू आहेत.

डॉक्टर नीट समजावतात, पण तिथे एकटी बसलेली माझी जाऊ निम्मं विसरते आणि आम्ही नेटवर शोधत बसतो. त्यात डच-बेल्जियन आयसीयूंचा २०१८ चा अभ्यास सापडला: फ्लूच्या ४३२ रुग्णांपैकी ८३ जणांना ही बुरशी, आणि त्यांच्यात ९० दिवसांतले मृत्यू ५१ टक्के. ते वाचल्यापासून घरात कोणाला झोप नाही.

सांगलीला सासूबाईंना २०२१ ची काळी बुरशी आठवते. काल विचारत होत्या, "त्याचा डोळा काढतील का गं?" काय सांगू?

शिवाय धडधाकट माणसाला हे होतंच कसं? त्यांच्या बाथरूमच्या भिंतीला बुरशी आहे, त्यातून आलं असेल का? घरात दोन लहान मुलं आहेत. दोन औषधं म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलंय का? आणि डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं?

---

प्रतिसाद: रात्रपाळी

मी आयसीयूत काम करतो. रुग्ण पाहिलेला नाही, तेव्हा हे सर्वसाधारण समजा.

आधी सासूबाईंना फोन करा. ती काळी बुरशी म्हणजे म्यूकर, तिचं घराणंच वेगळं. ही फुफ्फुसात आहे, डोळ्याचा प्रश्न नाही. माणसाकडून माणसाला लागत नाही, मुलांची काळजी नको. बाथरूमही सोडा, अ‍ॅस्परजिलसचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, आपण सगळेच रोज ओढतो. एरवी फुफ्फुस त्यांचा निकाल लावतं. जबर फ्लूत श्वासनलिकेचं अस्तर सोलून निघतं, पांढऱ्या पेशीही थकलेल्या असतात, तिथे बुरशीला आयती जागा मिळते. त्याच अभ्यासात प्रतिकारशक्ती ठीक असलेल्यांतही हे प्रमाण १४ टक्के होतं.

५१ टक्क्यांबद्दल: बुरशी नसलेल्या फ्लू रुग्णांतही तिथे २८ टक्के दगावले होते. आजार मुळातच गंभीर आहे, खोटा धीर देत नाही. पण तुमच्या दिराचं निदान लवकर झालंय, आणि पुष्कळदा घोडं तिथेच अडतं, कारण सीटी स्कॅनमध्ये फ्लू आणि बुरशी वेगळी ओळखणं कठीण.

दोन औषधं ही तिथली रीत आहे. नेदरलँड्समध्ये शेतीत, फुलांच्या कंदांवर व्होरिकोनाझोलच्याच कुळातली बुरशीनाशकं फार वापरली जातात, त्यामुळे औषधाला न जुमानणाऱ्या बुरश्या तयार झाल्यात. रेझिस्टन्सचा रिपोर्ट येईपर्यंत दुसरं औषध जोडीला देतात.

विचारायचं ते असं. व्होरिकोनाझोलची रक्तातली लेव्हल केली का? साधारण १ ते ५.५ मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये हवी. एकाच डोसने कोणाची फार कमी येते, कोणाची फार जास्त. लिव्हर कशी आहे? अ‍ॅम्फोटेरिसिनमुळे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि पोटॅशियम रोज बघतात ना? स्टेरॉइड चालू असेल तर ते कशासाठी, कमी करता येईल का? आणि झोपेसाठी मिडाझोलाम देत असतील तर व्होरिकोनाझोलमुळे ते शरीरात साठतं, जाग यायला वेळ लागतो. जाऊबाईंना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर मेंदूला काही झालं म्हणून घाबरतील.

उपचार किमान ६ ते १२ आठवडे चालतो. पुढे गोळ्या सुरू झाल्यावर नजर चमकल्यासारखी, रंग वेगळे दिसले तर ते बहुधा औषधाचं. तरी डॉक्टरांना कळवायचंच.

---

धागाकर्ती

खूप आभार. लेव्हल विचारली, ०.६ आली होती म्हणे, आज डोस वाढवलाय. रेझिस्टन्सचा रिपोर्ट अजून यायचाय. सासूबाई आज दोन घास जेवल्या. ट्रॅकिओस्टॉमीचं (गळ्याला छिद्र पाडून श्वासाची नळी घालायचं) बोलणं सुरू झालंय, त्याबद्दल इथेच विचारू की नवा धागा काढू?