मदत हवी आहे : डिव्हिजन तीनची असिस्टंट कोच, की डिव्हिजन एकचं ऑपरेशन्सचं काम?

नमस्कार मंडळी. अमेरिकेत डिव्हिजन दोनच्या (कॉलेज क्रीडेच्या तीन स्तरांपैकी मधला; डिव्हिजन एक सर्वांत वरचा) महिला बास्केटबॉल संघात ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे शिकता शिकता काम करणारी सहायक प्रशिक्षक, आहे. मे महिन्यात स्पोर्ट मॅनेजमेंटची मास्टर्स संपेल. एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा आहे आणि ओपीटीचा, म्हणजे शिक्षणानंतर काही काळ काम करण्याच्या परवानगीचा, अर्ज केलाय. बेरोजगारीचे ९०च दिवस मिळतात, त्यामुळे फार थांबता येणार नाही.

सध्या प्रतिस्पर्ध्यांचे स्काउटिंग (त्यांच्या खेळाचा अभ्यास) आणि पोस्ट, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या, खेळाडूंचा सराव माझ्याकडे असतो. खेळाडूंना दाखवायच्या स्काउटच्या व्हिडिओ क्लिप १२ च्या वर नेत नाही, प्रत्येकी १५ सेकंद. त्याहून लांबलं की साइड पिक-अँड-रोलला (मैदानाच्या कडेला सहकाऱ्याच्या आडोशाने होणारी चाल) बॉल बेसलाइनकडे ढकलायचा हेच मुली मैदानावर विसरतात. खेळाडू भरतीचा अनुभव मात्र फोन आणि कॅम्पसभेटींपुरताच. खरी कमतरता तीच.

एनसीएए मार्केटवरून (कॉलेज क्रीडासंस्था एनसीएएचं नोकऱ्यांचं संकेतस्थळ) अर्ज केले, मुख्य प्रशिक्षकांना स्काउट रिपोर्टचा नमुना पाठवला, डब्ल्यूबीसीए या महिला बास्केटबॉल प्रशिक्षकांच्या संघटनेच्या अधिवेशनात लोकांना भेटून आले. दोन पर्याय पुढे आहेत. डिव्हिजन तीनमध्ये पूर्णवेळ असिस्टंट : तिथे क्रीडा शिष्यवृत्ती नाही, पण भरती सगळी माझ्याकडे. किंवा डिव्हिजन एकमध्ये ऑपरेशन्स : प्रवास, हॉटेल, जेवण, व्हिडिओ. मैदानावर शिकवता येणार नाही. पगार जवळपास सारखा, शहर कुठलंही चालेल. पुढे एच-१बी हा नोकरीचा व्हिसा दोन्हीकडे लॉटरीविना शक्य आहे, कारण दोन्ही विद्यापीठंच.

२०२३ च्या नियमाने डिव्हिजन एकमध्ये मैदानावर शिकवणाऱ्या दोन जादा जागा आल्या. त्या जागांवर घेताना मुख्य प्रशिक्षक आपल्याच ऑपरेशन्सच्या माणसाला वर घेतात, की बाहेरून भरतीचा अनुभव असलेली असिस्टंट आणतात? ज्यांनी हे जवळून पाहिलंय, त्यांनी कृपया सांगा.